फुटबॉल टीमबरोबर पहिली परदेशवारी: गोव्यातल्या नव्या खेळाडूंसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी

यादीत मुलाचं नाव लागलं की घरात पहिली चर्चा बुटांची होते. बूट सगळ्यात शेवटी घ्यायचे. आधी कपाटातली फाईल काढा. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार आणि असेल तर पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवा आणि नावाचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर जुळवून बघा. मी डिचोलीकडच्या एका क्लबचा मॅनेजर म्हणून मुलांबरोबर बाहेर जातो. खेळ कमी पडला म्हणून ऐनवेळी घरी राहिलेलं मूल मी पाहिलेलं नाही. कागदांमुळे राहिलेली तीन मुलं पाहिली आहेत आणि तिघांचे चेहरे अजून आठवतात. म्हणून हा लेख मैदानापासून सुरू होत नाही.

आधी कळून घ्या, कोणी बोलावलंय

'इंटरनॅशनलला निवड झाली' हे वाक्य आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात.

पहिली गोष्ट म्हणजे क्लबची किंवा अकादमीची टीम परदेशातल्या युवा स्पर्धेला जाते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा गोथिया कप १९७५ पासून, ऑस्लोचा नॉर्वे कप १९७२ पासून आणि डेन्मार्कमधल्या योरिंगचा डाना कप १९८२ पासून भरतो. तिन्ही स्पर्धा त्यांच्या उन्हाळ्यात, जुलै ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत होतात. तिथे क्लब आपली टीम नोंदवतो, फी भरतो आणि खेळतो. मोहालीच्या मिनर्व्हा अकादमीच्या चौदा वर्षांखालच्या मुलांनी २०२५ साली एकाच उन्हाळ्यात हे तिन्ही कप जिंकले. म्हणजे आपल्या देशातली मुलं तिथे नुसती बघायला जातात असं नाही. पण हा प्रवास बहुतेक वेळा पालकांच्या आणि स्पॉन्सरच्या पैशांवर होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे देशाचं बोलावणं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं पत्र येतं आणि मुलाला शिबिरात दाखल व्हायचं असतं. शिबिराला बोलावलं म्हणजे संघात घेतलं असं नाही. तिथून मुलं कमी होत जातात आणि शेवटची यादी छोटी असते. गावात हार घालून बॅनर लावायच्या आधी हे मुलाला शांतपणे सांगा. शिबिरातून परत आलेल्या मुलाला तो बॅनर रोज शाळेत जाताना बघावा लागतो.

इथे क्लबशी नीट बोलून घेणं महत्त्वाचं असतं. खेळाडू सोडण्याची फिफाची सक्ती मुख्यतः वरिष्ठ राष्ट्रीय संघासाठी आहे, सतरा वर्षांखालच्या स्पर्धेसाठी क्लबवर तशी सक्ती नाही. आपल्याकडचे बहुतेक क्लब आनंदानं सोडतात, पण त्यांना पत्र वेळेत मिळायला हवं. पत्राची प्रत कोचच्या हातात स्वतः नेऊन द्या.

आणखी एक गोष्ट गोव्यातच सांगावी लागते. भारताकडून खेळायचं तर भारतीय नागरिकत्व हवं. आपल्याकडे कितीतरी घरांत आजोबांचा जन्म १९६१ पूर्वीचा असतो आणि लिस्बनला नोंदणी करून पोर्तुगीज कागद काढायचा विचार चालू असतो. तो घराचा निर्णय आहे, त्यात बाहेरच्यानं बोलू नये. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, आणि मुलानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर निळी जर्सी हातची जाते. मुलगा चौदा-पंधराचा आहे आणि खरंच चांगला खेळतो आहे, तर वकिलाकडे जाण्याआधी घरात हा विषय काढा. त्यालाही बोलू द्या.

स्पेलिंग, वय, सह्या

आता फाईलकडे. आपल्या आडनावांची स्पेलिंगं पोर्तुगीज काळापासून दोन-दोन तऱ्हांनी चालत आली आहेत. परब आणि पोरोब, शिरोडकर एस-एचनं आणि एक्सनं, प्रभुदेसाई एका शब्दात आणि दोन शब्दांत. आजोबांच्या कागदावर एक, बाबांच्या आधारवर दुसरं, मुलाच्या जन्मदाखल्यावर तिसरं. घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही, पण व्हिसाच्या खिडकीवर वाटतं. दुरुस्ती करायची तर जन्मदाखल्यापासून सुरुवात करा, मग आधार, मग पासपोर्ट. उलट्या क्रमानं केलं तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

वयाबद्दल सरळ सांगतो. स्पर्धेचा वयोगट साधारणपणे १ जानेवारी ही तारीख धरून ठरतो. आपल्याकडच्या युवा स्पर्धांत वय पडताळायला मनगटाचा एक्स-रे काढून हाडांची वाढ तपासतात, आणि फिफाच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात २००९ पासून मनगटाचा एमआरआय होतो. दाखल्यावर वर्ष मागे-पुढे करून काही साधत नाही. कुणी 'करून देतो' म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्यात बदनाम मूल होतं, सांगणारा नाही.

लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल तेवढा. पंधरा ते अठरा वयात दहा वर्षांचा मागता येतो. पासपोर्ट आणि व्हिसा दोन्हीला आई-बाबा दोघांची संमती लागते. आमच्या भागात निम्म्या घरांतले बाबा जहाजावर नाहीतर आखातात असतात. ते जहाजावर चढायच्या आधीच कुठल्या कुठल्या सह्या लागतील ते क्लबला विचारून घ्या. मधल्या समुद्रातून नोटरीची सही मिळत नाही. एका मुलाचे बाबा बंदरात उतरून भारतीय दूतावासात जाऊन सही करून आले, तो कागद पोचला तेव्हा टीम निघायला चार दिवस होते. त्या चार दिवसांत त्याची आई धड जेवली नव्हती.

व्हिसा

स्वीडन, डेन्मार्क आणि नॉर्वे हे तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, तरी शेंगेनमध्ये आहे. त्यामुळे तिन्ही ठिकाणी खेळायचं असलं तरी व्हिसा एकच, आणि अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. निघायच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. त्या शेवटच्या मुदतीच्या भरवशावर राहू नका, कारण एप्रिल-मेमध्ये सगळा देश युरोपला निघालेला असतो आणि अपॉइंटमेंट मिळत नाही. मुलाचं वय बारा किंवा जास्त असेल तर बोटांचे ठसे द्यायला त्याला स्वतः जावं लागतं, केंद्र मुंबईला असेल तर मुंबईला. सगळ्या मुलांच्या तारखा एकत्र लावून घेणं हे क्लबचं काम आहे, ते मॅनेजरकडून करून घ्या.

फी बारा वर्षांवरच्यांना ९० युरो आणि सहा ते अकरा वयाला ४५ युरो. पण शेंगेनच्या नियमांत एक सवलत आहे जी फार क्लबांना माहीत नसते. ना-नफा संस्थेचे २५ वर्षांपर्यंतचे प्रतिनिधी ना-नफा संस्थेनं भरवलेल्या क्रीडास्पर्धेला जात असतील तर व्हिसा फी माफ होते. तुमचा क्लब नोंदणीकृत सोसायटी असेल तर नोंदणीपत्र आणि आयोजकांचं आमंत्रण जोडून ही सवलत मागा. वीस मुलांची टीम असेल तर वाचणारा पैसा बराच होतो.

प्रवासविमा निदान ३०,००० युरोचा सक्तीचा आहे. एजंट स्वस्तातला काढून देतो आणि त्यात स्पर्धेत खेळताना झालेली इजा वगळलेली असते. पॉलिसीचा कागद मागून घ्या आणि हे एकच वाक्य शोधा. फुटबॉल खेळायला निघालेल्या मुलाचा विमा फुटबॉल सोडून बाकी सगळ्याला लागू असेल तर तो फक्त व्हिसा मिळवण्यापुरता.

पैसे आणि गोड बोलणारी माणसं

क्लबकडून खर्चाचा तपशील लेखी घ्या: विमान, स्पर्धेची फी, राहणं-जेवण, विमा, किट, कोचचा खर्च कोण देतं, व्हिसा नाकारला तर किती परत. हे विचारलं म्हणून मुलाला बाकावर बसवतील अशी भीती पालकांना वाटते. चांगला क्लब हा कागद मागायच्या आधीच देतो.

या स्पर्धांच्या नावावर 'युरोपियन क्लबची ट्रायल' विकणारे लोकही फिरतात. फिफाच्या नियमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात बदली होत नाही. अपवाद आहेत, पण ते मोजके आहेत, जसं की आईबाबाच फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले तर. म्हणजे पेडण्याच्या चौदा वर्षांच्या मुलाला जुलैमध्ये कुठलाही युरोपियन क्लब करारबद्ध करू शकत नाही, त्याचा खेळ कितीही देखणा असो. यासाठी कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. आमच्या ओळखीच्या एका घरानं सोनं गहाण ठेवून अशा माणसाला पैसे दिले. मूल गेलं, एका मैदानावर दोन दिवस सराव करून परत आलं. सोनं अजून सोडवायचं आहे.

शाळा

त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा आणि शाळेचे दिवस. मुख्याध्यापकांना आमंत्रणपत्र जोडून लेखी अर्ज द्या, तोंडी नको. दहावीचं मूल असेल तर वर्गशिक्षकांना भेटा आणि बुडणाऱ्या चाचणीचं काय करायचं ते तारखेसकट ठरवा.

शेवटचा महिना: मूल तयार करायचं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

बॉल कसा मारायचा ते त्याला येतं. कापणी झालेल्या शेतात अनवाणी खेळून ते आलेलं आहे. त्याला येत नाही ते म्हणजे स्वतःचे मोजे धुणं. या स्पर्धांत बहुतेक टीम शाळांच्या वर्गांत राहतात. बाकं बाजूला सारलेली, जमिनीवर गाद्या, एका वर्गात अख्खी टीम, कॉमन बाथरूम. कपडे उचलायला कुणी येत नाही. म्हणून महिनाभर आधी घरात हे सुरू करा: सराव करून आला की किट त्यानं धुवायचं, वाळत घालायचं, बॅग त्यानं भरायची. आईनं बॅगेला हात लावायचा नाही. पहिल्या आठवड्यात तो शिनगार्ड, म्हणजे नडगीवर बांधायची ढाल, विसरेल. इथे विसरू द्या, कारण तिथे शिनगार्डशिवाय रेफरी मैदानात घेत नाही.

झोपेचीही सवय हवी. जुलैमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि पहाटे चारला पुन्हा होतो. डोळ्यांवर बांधायला एक काळी पट्टी द्या. दोन रुपयांचं कापड चालतं.

मैदानाचं वेगळं गणित आहे. जूनमध्ये आपली मैदानं चिखलाची होतात आणि मुलं चिखलात खेळण्यात पटाईत असतात. तिकडचे बरेच सामने कृत्रिम गवतावर होतात. तिथे बॉल पळतो, उसळी वेगळी असते, घसरलं की गुडघा सोलतो. म्हापशाच्या धुळेर मैदानासारख्या कृत्रिम गवतावर निघण्याआधी निदान चार-पाच सराव मिळतील असं कोचला सांगा. लोखंडी स्टडचे बूट त्यावर चालत नाहीत. आणि आता बुटांचं: नवे घ्यायचे तर महिनाभर आधी घ्या आणि इथेच पायाला बसवा. विमानात बसायच्या आदल्या दिवशी घेतलेले बूट म्हणजे पहिल्याच सामन्यात टाचेला फोड.

सामने छोटे असतात, वयाप्रमाणे एकेक हाफ वीस ते तीस मिनिटांचा, पण एका दिवसात दोन येऊ शकतात. गोथिया कपमध्ये गटातल्या पहिल्या दोन टीम प्ले-ऑफ एमध्ये जातात आणि उरलेल्या प्ले-ऑफ बीमध्ये. म्हणजे गटात हरलं तरी स्पर्धा संपत नाही. हे मुलांना आधीच सांगून ठेवा. आमची एक टीम पहिले दोन सामने हरली आणि बसमध्ये 'आता घरी' असं धरून रडत बसली. प्ले-ऑफ बीमध्ये त्यांनी पुढे तीन सामने काढले, आणि त्या टीमचा खरा खेळ तिथे दिसला.

बॅग आणि डबा

तिकडचा उन्हाळा आपल्या डिसेंबरच्या पहाटेपेक्षा थंड असू शकतो, त्यात पाऊस आला तर हुडहुडी भरते. एक गरम जॅकेट, एक रेनकोट, मोज्यांचे सहा जोड, आंघोळीची चप्पल, पातळ चादर. बूट आणि एक पूर्ण किट विमानात जवळच्या बॅगेत ठेवा, मोठी बॅग मागे राहिली तरी पहिला सामना खेळता येतो. पॉवर बँकही जवळच्याच बॅगेत, ती मोठ्या बॅगेत टाकायला बंदी आहे. आपले दोन गोल पिनांचे चार्जर तिकडे चालतात. पैसे युरोत बदलून नेऊ नका, त्या तिन्ही देशांत आपापले क्रोनर आहेत, आणि स्वीडनमध्ये तर रोकड फार ठिकाणी घेतच नाहीत. मॅनेजरकडे चालणारं कार्ड असलं की पुरे.

खाण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण मुलं इथे हरतात. शाळेच्या कँटीनमध्ये बटाटे, पास्ता, ब्रेड, सॅलड आणि मांसाचे गोळे मिळतात. त्या गोळ्यांत बहुधा बीफ-पोर्क असतं. तुमच्या घरात ते चालत नसेल तर नोंदणीच्या फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा. श्रावण मध्येच लागत असेल आणि मूल पाळणार असेल तर तेही सांगा. चौदाव्या वर्षी एखादं मूल मनापासून पाळतं, त्याला कुणी हसू नये. पण मग प्रथिनं कुठून येणार ते ठरवा: अंडी चालतात का, दही, डाळी, शेंगदाणे. घरून डबा देताना लक्षात ठेवा, युरोपियन युनियनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत. पेढे, तूप, चीज घरीच ठेवा. जत्रेतलं खाजें न्या, ते टिकतं, आलं-गुळाचं असतं, आणि दुसऱ्या देशाच्या मुलांना वाटायला त्याच्यासारखं काही नाही. चटणीची छोटी बाटली मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. दम्याचा पंप असेल तर ते औषध आणि त्याचा डोस मॅनेजरला लिहून द्या. देशाच्या संघात जाणाऱ्या मुलानं सर्दी-खोकल्याचं औषध मनानं घेऊ नये. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणापलीकडे त्यावर बंदी आहे. प्रत्येक गोळी टीमच्या डॉक्टरांना विचारून.

सुरक्षितता

हे विचारायला संकोच करू नका: मुलांबरोबर मोठी माणसं किती, रात्री कुठे झोपणार, काही घडलं तर मुलानं कुणाला सांगायचं. मुलींच्या टीमबरोबर बाई मॅनेजर हवीच, त्यात तडजोड नाही. कुठल्याही मोठ्या माणसानं एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहू नये, हा नियम आमच्यावर म्हणजे मॅनेजर-कोचवर आहे आणि तो आम्हाला मोडू देऊ नका. डोक्याला मार लागला तर मूल 'बरं वाटतं' म्हणालं तरी त्या दिवशी पुन्हा खेळायचं नाही. फायनल असली तरी नाही.

फोन

तिकडे उन्हाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. रात्री झोपताना फोन करू नका. तिसऱ्या रात्री घरची आठवण उफाळून येते आणि आईचा आवाज ऐकला की मूल रात्रभर जागतं. सत्तरी तालुक्यातला एक आडदांड सेंटर-बॅक असा रडला होता की शेजारच्या दोन पोरांनी त्याच्या गादीला आपल्या गाद्या लावल्या आणि तिघं तसेच झोपले. फोन सकाळी करा, त्यांच्या नाश्त्याच्या वेळी, म्हणजे आपल्याकडे अकराच्या सुमारास. आधी 'जेवलास?' विचारा, मग 'झोप लागली?'. गोल किती झाले ते तो आपण होऊन सांगेल. आणि बाबांना विशेष विनंती: 'विंगला का खेळवतात' हे फोनवर विचारू नका. ते तो कोचला जाऊन बोलत नाही, मनात धरून मैदानात उतरतो.

परत आल्यावर

मोपाला किंवा दाबोळीला विमान बऱ्याचदा अवेळी उतरतं. दुसऱ्या दिवशी शाळा नको, आठवडाभर सामनाही नको, नुसतं पोहणं-चालणं. शिमगा असल्यासारखी मिरवणूकही पहिल्या दिवशी नको, मूल उभ्या उभ्या झोपत असतं. पावसात किट वाळत नाही आणि बुरशी धरते, म्हणून बॅग त्याच रात्री उघडायला लावा, त्यालाच.

पासपोर्ट कपाटात टाकण्याआधी व्हिसाचं पान स्कॅन करून ठेवा. बोटांचे ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुढच्या अर्जाला वापरता येतात, तेव्हा हे पान कामी येतं. आणि पासपोर्ट कधी संपतो ती तारीख कॅलेंडरवर लिहा. पाच वर्षांचा पासपोर्ट वाटतो त्यापेक्षा लवकर संपतो, आणि शेंगेनला परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी तो शिल्लक असावा लागतो.